हजर केलेला ड्रायव्हर

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसंच्या तसं समोर उभं राहतं.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. गुडगावच्या बाजूला शेतं जाऊन सेक्टर येत होते. रस्ते आधी झाले, वस्ती मागून आली. त्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर संध्याकाळी पैसेवाल्यांची पोरं गाड्या पळवत. आणि ज्यांच्या जमिनीवरून ते रस्ते गेले, ती माणसं कडेकडेने सायकली हाणत. त्यांतलाच एक दूधवाला एका भरधाव गाडीखाली मेला. गाडी थोडी पुढे सोडून चालक पळाला होता.

मी महाराष्ट्रातून तिकडे गेलेला, त्या ठाण्यात नवा अधिकारी होतो. पंचनामा उरकून परत येतो तोच आमचा मुन्शी, म्हणजे ठाण्याचा लिखापढी करणारा हवालदार, म्हणाला, "जनाब, ड्रायव्हर हाज़िर है. खुद आया है."

हे 'खुद' नीट समजून घ्या. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचं कलम जामीनपात्र. म्हणून मालकाच्या पोराने माणूस मारला की मालक ड्रायव्हर पाठवतो. ड्रायव्हर गुन्हा कबूल करतो, वकील जामीनदाराला बाहेर बसवूनच आलेला असतो, आणि चहा येईपर्यंत प्रकरण मिटतं. सगळ्या ठाण्याला हे माहीत होतं आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. मेला तो गरीब, अडकला तो गरीब, आणि कागदावर मात्र सगळं कायदेशीर!

ड्रायव्हर पन्नाशीचा, कडक इस्त्रीच्या सफारीतला. अंधार पडत होता, सायकलवाला अचानक मध्ये आला, असं त्याने सांगितलं. पुन्हा विचारलं, तर त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. खरं सांगणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना थोडा इकडेतिकडे होतो. पढवलेला होत नाही. पण हा काही पुरावा नव्हे. जबाब नोंदवला, परवाना जप्त केला, जामीन दिला. द्यावाच लागला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एकजण म्हणाला, त्या गाडीचं इंजिन उघडून कोणी काय केलंय ते बघा, मग ड्रायव्हरला विचारा. आवाजामागे हातोडीची ठोकाठोक ऐकू येत होती. अशा कामांची गॅरेजं तेव्हा मोजकीच होती, त्यामुळे फोन करणारा मिस्त्री संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर बसला होता. सत्याच्या प्रेमापोटी त्याने फोन केला नव्हता. एक्सिलेटर अडकला म्हणून गाडी आवरली नाही, असं मालकाचा वकील कोर्टात म्हणणार असल्याचं त्याच्या कानावर आलं होतं, आणि ते बालंट त्याच्या कामावर येणार होतं. पोलिसांना खबर देणारा बहुधा स्वतःलाच वाचवत असतो. खबर त्याने खोटी ठरत नाही.

त्याने सांगितलं ते असं. इंजिनात हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. त्या उघडणाऱ्या दांड्याला कॅमशाफ्ट म्हणतात. मालकाच्या मुलाने परदेशातून शर्यतीचा कॅमशाफ्ट आणि कडक स्प्रिंगा मागवून त्याच आठवड्यात बसवून घेतल्या होत्या. त्यामुळे झडपा जास्त उघडतात, जास्त वेळ उघड्या राहतात. वेगात गाडी सुसाट सुटते, पण हळू चालवली की गुदमरते.

"एक्सिलेटर दाबके रखो, तब क्लच छोड़ो," तो म्हणाला. "नहीं तो बंद. शरीफ़ आदमी से ये गाड़ी चलेगी ही नहीं, साहब."

मी मोटार वाहन निरीक्षकाला बोलावलं, दोन पंच घेतले आणि ड्रायव्हरला पटांगणात आणलं. म्हटलं, एक फेरी मारून दाखवा. तो बसला. इंजिन सुरू होताच सगळी गाडी थरथरू लागली. त्याने गिअर टाकला आणि मालकाच्या पाठीला धक्का बसू नये म्हणून जन्मभर सोडत आला तसाच क्लच अलगद सोडला. गाडी बंद. पुन्हा तसंच. पुन्हा बंद.

"ताऊ, गाड़ी चलाणी आवै है के?" काका, गाडी चालवता येते ना, असं एक शिपाई हसत म्हणाला.

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. इतक्या वर्षांत त्याच्या हातून गाडी अशी कधी बंद पडली नसावी.

निरीक्षकाने अहवाल दिला, पंचांनी सह्या केल्या. तेवढ्यात वरून फोन आला. माझे वरिष्ठ हसत म्हणाले, "मराठों को हरियाणा में एक बार सबक मिल चुका है, भाई. क्यों ज़िद करते हो?" मी 'जी सर' म्हणालो आणि ड्रायव्हरला माझ्या खोलीत बोलावलं.

ओरडलो नाही. त्याचा जप्त परवाना टेबलावर ठेवला आणि विचारलं, दोषी ठरलात तर याचं काय होतं, ठाऊक आहे? तो म्हणाला, जामीन तर झाला, साहेब. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, शाम तक घर आ जाओगे, आणि तो आलाही होता. मी सांगितलं, जामीन म्हणजे सुटका नाही. खटला चालेल. शिक्षा झाली तर कोर्ट परवानाही काढून घेऊ शकतं. मग तुम्हाला स्टिअरिंगवर कोण बसवणार?

त्याने परवाना उचलून त्यावरचा आपला तरुणपणीचा फोटो पाहिला.

"लाइसेंस भी जाएगा?"

"जाऊ शकतो."

"ये किसी ने नहीं बताया," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. पोलिसांपुढचं बोलणं कोर्टात टिकत नाही, म्हणून मी त्याचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून घेतला. पुढे अपघाताच्या जागेजवळच्या एका अर्धवट इमारतीचा चौकीदार सापडला. मालकाच्या मुलाला गाडीतून उतरून मित्राच्या गाडीत बसताना त्याने पाहिलं होतं. त्याला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं. मुलाला अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही. कलम तेच होतं ना!

मुलाचे वडील ठाण्यात आले, पण रागाने नव्हे. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "हमने तो उसका पूरा ख़याल रखा था," ते म्हणाले. "वकील भी हमारा ही था." त्या माणसाला आपण काही वाईट केलंय असं वाटतच नव्हतं. पोराने इंजिनाचे भाग मागवले, तसा बापाने पोराच्या शिक्षेसाठी माणूस मागवला. दोन्ही घरपोच.

दूधवाल्याचा भाऊ आला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, दोषारोपपत्रात नाव कुणाचं आहे. मी दाखवलं. त्याने अक्षराला अक्षर लावून ते वाचलं आणि निघून गेला. ड्रायव्हरची नोकरी गेली. परवाना मी त्याच्या हातात दिला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत असे कितीतरी 'खुद' हजर झालेले माझ्यासमोर बसले. गाडी तूच चालवत होतास का, हे मी त्यांना विचारणं सोडून दिलं. त्याचं उत्तर ते पाठ करून आलेले असतात. मी आधी पाणी द्यायचो, आणि मग विचारायचो, "इथे पाठवताना तुला काय काय सांगितलं नाही, ते मी सांगू?"