‘खरंच का?’ विचारणाऱ्या बाई

आमच्या बाईंना काहीही वाचून दाखवा, त्या मध्येच हात वर करायच्या आणि विचारायच्या, "खरंच का?" आवाज चढलेला नाही, कपाळाला आठी नाही. भाजीवालीला ‘मेथी आजचीच ना?’ विचारावं तितक्या सहज. पण लिहिणाऱ्याची दांडी गुल व्हायची. कारण बाई नेमक्या त्याच वाक्यावर थांबवायच्या, जे आपण आदल्या दिवशी तीनदा खोडून चौथ्यांदा नटवलेलं असायचं. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना ‘खरंच का बाई’ म्हणायचो. ते त्यांच्या कानावर गेलंच होतं. "नाव ठेवलंत ते ठेवलंत, निदान खरं तरी आहे," एवढंच म्हणाल्या आणि पुढचा लेख घ्या म्हणाल्या.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी लोणावळ्यात एका वाचनालयाच्या माडीवर रविवारचा लेखनवर्ग सुरू केला. दहा ते बारा. कथा-कवितांना मज्जाव. घडलेलं लिहायचं आणि दुसऱ्याला वाचावंसं वाटेल असं लिहायचं, एवढाच अभ्यासक्रम. मी तळेगावला राहतो आणि आंबीच्या एका कारखान्यात माल तपासायला आहे. सहा दिवस सुट्या भागांची मापं घ्यायची, चुकलेल्यांना लाल पट्टी चिकटवायची. सातव्या दिवशी माणसाने झोपावं की नाही? पण मी लोकल पकडून लोणावळ्याला जायचो. बायको म्हणायची, "तिथे काय मेलं मिळतं तुम्हाला?" मला नीट सांगता यायचं नाही. आता वर्ग नाही, बाईही नाहीत. रविवार सगळा मोकळा आहे आणि झोप काही येत नाही.

ललित लेख, आत्मकथन, प्रवासवर्णन, व्यक्तिचित्र, रोजनिशी, पत्र हे सगळे प्रकार बाईंनी आम्हाला शिकवले, पण त्यांच्या व्याख्या कधी फळ्यावर लिहिल्या नाहीत. "एकाच घरातली भावंडं आहेत ही. स्वभाव वेगळे, आडनाव एक," असं म्हणायच्या. बँकेतून निवृत्त झालेले एक काका वर्गात होते. त्यांनी धुक्यावर चार पानांचा ललित लेख आणला. धुकं दुलईसारखं, धुकं विरहासारखं, धुकं अमुक, धुकं तमुक. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, या धुक्यात तुमचं काही हरवलं का हो?" काका म्हणाले, "एकदा छत्री हरवली होती." "मग छत्रीवर लिहा." काका महिनाभर फुरंगटून बसले आणि मग छत्रीवर लिहिलं. बायकोने लग्नानंतर पहिल्यांदा घेऊन दिलेली छत्री होती ती. वाचताना त्यांचा आवाज फुटेना, शेवटची दोन पानं बाईंनीच वाचली.

प्रवासवर्णन आणलं की म्हणायच्या, "सूर्यास्त मी गच्चीतून बघते. तुम्ही चहा कुठे प्यालात आणि पाय कुठे दुखले ते सांगा." एका कॉलेजच्या मुलीने आपली रोजनिशी वाचली आणि वर सांगितलं, की ही मी कुणालाही दाखवण्यासाठी लिहिलेली नाही. बाई वहीत डोकावून म्हणाल्या, "मग अक्षर एवढं सुवाच्य कसं गं?" सगळे हसले, ती मुलगीही हसली. आत्मकथनाबाबत मात्र बाई हसायच्या नाहीत. आपण कुठे चुकलो ते एकदाही आलं नसेल तर त्याला आत्मकथन म्हणू नका, नोकरीच्या अर्जाला जोडा, असं स्पष्ट सांगायच्या. आणि व्यक्तिचित्राला देव्हाऱ्याची कळा आली की म्हणायच्या, "हार आणायचा होतात, कागद कशाला आणलात?"

वर्गाचा नियम एकच होता, पण भारी कडक. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला आधी वाचून दाखवायचं. तो म्हणेल ते ऐकायचं, त्याने खोड म्हटलं तर त्यावर विचार करायचा. माणूस गेलेला असेल तर त्याच्या सगळ्यांत जवळ जो होता त्याला वाचून दाखवायचं. मगच तो लेख वर्गात. या एका नियमाने कितीतरी लोक वर्ग सोडून गेले. सुनेवर लिहिलेलं सुनेला वाचून दाखवायचं म्हणजे काय खायचं काम आहे? पण जे टिकले त्यांचं लिखाण बदललं हेही खरं. समोर तो माणूस बसणार आहे म्हटल्यावर हात आपोआप आवरतो.

मी हा नियम मोडला. आणि त्यातच माझी पाच वर्षं गेली.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तळेगावला दवाखान्यात अकरा दिवस होते. आमचं गाव भाजे. थोरला भाऊ, म्हणजे दादा, गावातच असतो. लेण्यांच्या पायऱ्या सुरू होतात तिथे त्याची चहा-पोह्यांची टपरी आहे. ती बंद ठेवून दादा अकरा दिवस आबांच्या उशाशी बसला. मी पाळी संपली की येऊन जायचो. अकराव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आबा गेले, तेव्हा त्यांचा हात दादाच्या हातात होता. मी खाली कँटीनमध्ये चहा प्यायला गेलो होतो.

वर्षभराने मी आबांवर लिहिलं. चांगलं जमत गेलं. शेवटच्या परिच्छेदाशी आलो आणि लिहून गेलो, की आबांचा हात माझ्या हातात होता आणि तो हळूहळू गार होत गेला. का लिहिलं? वाक्य सुंदर होत होतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण खरी गोष्ट अशी, की मला तो हात हवा होता. मी नव्हतो तिथे, याची मला इतकी लाज वाटत होती की मी दादाला सरळ उचललं आणि त्याच्या जागी स्वतः जाऊन बसलो. हे दादाला कुठल्या तोंडाने वाचून दाखवणार?

वर्गात बाईंनी विचारलं, "सुभाष, दादाला वाचून दाखवलंस?" म्हटलं, "हो." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "खरंच का?" म्हटलं, "हो बाई." इतकं सोपं होतं ते. बाईंनी मान डोलावली, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्याच शब्दावर तो लेख एका दिवाळी अंकात आला. मग फोन काय, शाबासक्या काय! कारखान्यात कुणीतरी त्याची प्रत काढून सूचनाफलकावर लावली. भाज्याला माझ्या पुतणीने अंक आणला आणि चुलत्याचं कौतुक म्हणून तो दादाला मोठ्याने वाचून दाखवला. म्हणजे नियम पाळला गेला, फक्त मी नाही पाळला.

दादा एका शब्दाने बोलला नाही. आबांच्या त्या वर्षीच्या श्राद्धाला पंगतीत सगळ्यांना आग्रह करत फिरत होता. माझ्यापाशी आला, पानाकडे पाहिलं आणि म्हणाला, "जेवलास का?" बस्स. त्यानंतर फोन नाही, येणं नाही. मी दर रविवारी लोणावळ्याला जायचो तेव्हा लोकल मळवलीला मिनिटभर थांबायची. तिथे उतरलं की भाजे चालत गाठता येतं. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसायचो.

त्या हिवाळ्यात बाईंनी प्रवासवर्णनाचा तास भाज्यालाच ठेवला. मला घाम फुटला, पण बोलणार काय? बाईंचे गुडघे कामातून गेलेले. "तुम्ही चढा, मी इथेच बसते," म्हणून त्या दादाच्याच टपरीवरच्या बाकड्यावर बसल्या. लेण्यांत काय पाहिलं मला आजही आठवत नाही. दीड तासाने खाली आलो तेव्हा दादा पाठ करून पेले विसळत होता आणि बाई रिकामा पेला हातात धरून गप्प बसल्या होत्या.

पुढच्या रविवारी मी लेख वाचला. बाई म्हणाल्या, "छान." त्याच्या पुढच्या रविवारीही, "छान." मला कळायला महिना लागला. काकांना त्या विचारत होत्या, कॉलेजच्या मुलीला विचारत होत्या, नव्याने आलेल्यालाही विचारत होत्या, "खरंच का?" मला विचारणं त्यांनी बंद केलं होतं. रागावल्या असत्या, वर्गातून काढलं असतं तर सुटलो असतो. पण त्या प्रेमाने वागायच्या, डब्यातला लाडू द्यायच्या, आणि माझं लिखाण ऐकून ‘छान’ म्हणायच्या. मी मुद्दाम थापा मारून पाहिल्या. एकदा तर आंबीच्या रस्त्यावर बिबट्या दिसल्याचं लिहिलं. "छान," बाई म्हणाल्या. चार वर्षं, अहो, चार वर्षं मी ते ‘छान’ ऐकून घेतलं. दमलो.

मग बाईंचा श्वास लागायला लागला आणि त्यांनी वर्ग बंद करायचं ठरवलं. शेवटच्या रविवारी प्रत्येकाने एकेक पान वाचलं. प्रत्येकाला बाईंनी तो प्रश्न विचारला, जणू निरोपाचा विडाच देत होत्या. माझी पाळी आली. "छान लिहिलंस," म्हणाल्या आणि चष्मा पुसायला घेतला. बावन्न वर्षांचा घोडा मी, वाचनालयाचा जिना उतरताना रडलो.

त्या आठवड्यात चहाच्या सुट्ट्यांमध्ये बसून मी शेवटचा परिच्छेद पुन्हा लिहिला. हात दादाचा. मी कँटीनमध्ये चहा पीत होतो. एवढंच. आणि रविवारी मळवलीला उतरलो.

दादा टपरीवर होता. म्हटलं, "दादा, वाचून दाखवायचंय." तो म्हणाला, "वाच की." मी वाचलं. तो पेले विसळत राहिला. मग म्हणाला, "उजवा हात लिवलायस. डावा व्हता. उजव्याला सलाईन लावलं व्हतं."

मी खोडून डावा केला.

"बाई आलत्या तवा त्यांनी इचारलं व्हतं," दादा म्हणाला. "म्हनल्या, आबांपाशी कोन व्हतं? मी म्हनलं, आमी दोघंबी व्हतो. तर म्हनत्यात, खरंच का? मंग मी काय बोललो न्हाई. लय वंगाळ वाटलं बग मला, बाईमानसाशी खोटं बोलल्याचं."

म्हणजे दादा माझ्यासाठी खोटं बोलला होता. आणि वाईटही त्यालाच वाटत होतं. मी म्हटलं, "दादा, चुकलो रे." तो म्हणाला, "आता काय त्याचं. पर येक ऱ्हायलं त्यात. आबा जाताना तुजं नाव घेतलं त्यांनी. म्हनले, सुभ्या जेवला का? मी म्हनलं, व्हय, जेवायलाच गेलाय. मंग डोळं मिटलं." त्याने पेला फडक्याने पुसला, चहा ओतला आणि माझ्यापुढे ठेवला. तो चहा मी कसा प्यालो मलाच माहीत.

तिथून तसाच लोणावळ्याला गेलो, गाडीत आबांचा प्रश्नही कागदावर उतरवला. बाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांना सांभाळणाऱ्या मावशींनी खुणेने सांगितलं, फार वेळ बसू नका. म्हटलं, "बाई, एकच परिच्छेद आहे. दादाला वाचून दाखवून आलोय." बाईंनी डोळे मिटून घेतले. मी वाचायला लागलो. दादाचा हात आला, डावा. आबांचा प्रश्न आला. मग मी वाचलं, ‘त्या वेळी मी खाली कँटीनमध्ये नुसता चहा पीत होतो.’

पांघरुणातून बाईंचा हात वर आला.

"खरंच का?"

चार वर्षांत पहिल्यांदा. मी कागद मांडीवर ठेवला. मग म्हटलं, "नाही बाई. नुसता चहा नव्हता. भजीही खाल्ली."

"कसली?"

"कांदाभजी."

बाई हसल्या. हसताना त्यांना धाप लागली, मावशी धावत आल्या, मला डोळ्यांनी दटावू लागल्या. धाप ओसरल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "मग भजी लिही."

तेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. पंधरा दिवसांनी त्या गेल्या. मी त्यांच्याजवळ नव्हतो, आंबीला दुसऱ्या पाळीत होतो, निरोप जेवणाच्या सुट्टीत कळला. त्यांच्या सगळ्यांत जवळ मावशी होत्या, म्हणून हा लेख परवा त्यांना वाचून दाखवला. मावशी म्हणाल्या, लाडू बाई स्वतः करायच्या नाहीत, मीच करायचे, तेवढं लिहा. लिहितो. लाडू मावशींचे होते.

आणि आबा गेले तेव्हा मी कँटीनमध्ये कांदाभजी खात होतो. गरम होती, चांगली होती. मी दोन प्लेट खाल्ली.