कुलपांचा हिरवा रंग

दाराला कुलूप आहे म्हणजे आत कुलूप लावण्याजोगं काहीतरी असणार, म्हणजेच घर सुखवस्तू, असा थोर शोध मी वयाच्या साठाव्या वर्षी लावला होता. नुसता लावला नाही, तर छापील फॉर्मवर सुवाच्य अक्षरात लिहूनही दिला होता. रेल्वेच्या ऑफिसातून नुकतीच निवृत्त झाले होते आणि आपल्याला न कळणारं जगात काही उरलेलं नाही, अशी माझी खात्री होती. ती खात्री जिनं मोडली ती पोट्टी म्हणजे चौबे कॉलोनीतल्या आमच्या घराची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. उन्हाची भाषा तिच्याइतकी कळणारं माणूस उभ्या रायपुरात दुसरं नसेल.

मूळची अकोल्याची, म्हणजे ऊन माहेरूनच घेऊन आलेली. काम नकाशे करण्याचं. हवामान बिघडत चाललंय, तर त्याचा मार कोणत्या गावाला, कोणत्या वस्तीला जास्त बसेल ते रंगवायचं. लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे निभावून नेतील. पण ऑफिस सुटलं तरी बाईसाहेब नकाशातून बाहेर येत नसत. दिसेल त्या भिंतीवर तळहात ठेवायची सवय. सदर बाजारात मी पाटल्या बघत होते, तर ही सराफाची मागची भिंत चाचपत फिरून राहिली. सराफानं दोन नोकर तिच्यामागे उभे केले. पंडरीच्या कापडबाजारात साड्यांच्या ढिगासमोर बसून तिनं दुकानदाराला विचारलं, "भैया, दोपहर में यहाँ चक्कर किसको आता है?" त्यानं आधी तिला पाणी पाजलं. आमच्या घरी तर निकालच देऊन टाकला : "काकू, काकांचा सोफा हिरव्यात हाय, तुमचा ओटा लालमध्ये." आमचे हे चौकशीसाठी ओट्यापाशी आले आणि दोन मिनिटांत हिरव्या प्रदेशात परतले.

"ऊन सगळ्यांले सारखंच पडते, काकू," ती म्हणायची, "पण हटायले जागा सगळ्यांपाशी नसते."

एका वैशाखात माणसं कमी पडली म्हणून शहराच्या कडेच्या एका वस्तीचे फॉर्म तिनं माझ्याकडे दिले. मी छत्री घेऊन, चपला वाजवत एकाच सकाळी मोहीम फत्ते केली. उघड्या दारांत प्रश्न विचारले. कुलपं दिसली तिथे लिहिलं : "घरी कोणी नाही. सुखवस्तू." कुलपंच जास्त होती, त्यामुळे वस्ती नकाशावर कशी हिरवीगार उगवली. दुपारच्या पाण्याची सोय, सावलीचा मांडव आणि नर्सबाईंची फेरी लाल वस्त्यांना मिळणार होती. त्या लाल वस्त्यांची यादी दुसऱ्या दिवशी वर जायची होती.

ती त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत बसली. "टिनाच्या छपराखाली एवढा हिरवा काहून, काकू?"

"अगं, कुलपं आहेत त्यांच्याकडे!" मी ऐटीत म्हटलं.

रागावली नाही. भर दुपारी मला स्कूटरवर बसवून तिथे घेऊन गेली. पहिल्याच कुलपाच्या पत्र्याच्या दारावर तिनं तळहात ठेवला, चटका बसून काढला आणि मग कान लावला. आत कोणीतरी खोकलं. शेजारीण म्हणाली, "डोकरी दाई है. रस्ता भूल जाती है, तो बेटा-बहू ताला लगाके काम पे जाते हैं." डोकरी दाई म्हणजे इकडे म्हातारी आई. पुढच्या कुलपामागे एक आजोबा निघाले. त्याच्या पुढे तापानं फणफणलेली बाळंतीण. खिडक्यांमधून पाण्याच्या बाटल्या सरकवत ती पोट्टी प्रत्येक दाराशी उकिडवी बसत गेली. एकाही दारापुढून ती घाईनं उठली नाही. माझ्या सुवाच्य अक्षराखाली किती माणसं गाडली गेली होती!

संध्याकाळी तिनं संगणकाचा माऊस माझ्या हातात दिला आणि तो ठिपका माझ्याकडूनच लाल करून घेतला. मांडव उभा राहिला, नर्सबाई फिरू लागल्या. पुढे ती बदली होऊन गेली. ओट्याशी उभी राहिले की अजून माझा हात भिंतीकडे जातो.

मांडव उभा राहिल्यावर मी एकटीच त्या पहिल्या खिडकीशी गेले होते. गजांना धरून कबूल केलं, "दाई, मैं पहले भी आई थी. ताला देखके लौट गई." आतल्या म्हातारीनं गजांतून हात काढून मला खिडकीखाली बसायची खूण केली. मग म्हणाली :

"तोर चप्पल के आवाज सुने रहेंव, बेटी. अब बइठ थोरिक."