हिला विचारणे

प्राध्यापक गेले आणि वर्षाच्या आत त्यांच्या बायकोने, म्हणजे आपल्या काकूंनी, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तोही कशापायी, तर स्वच्छतेच्या हौसेपायी!

जन्मभर साहित्य शिकवणारा हा माणूस, पण वही म्हणून कधी वापरली नाही. उत्तरपत्रिकांच्या उरलेल्या कोऱ्या पानांच्या सारख्या पट्ट्या कापायच्या, सुचेल ते पट्टीवर लिहायचं आणि ज्या पानावर सुचलं तिथेच ती खोचून द्यायची. घरातलं एक पुस्तक धड मिटत नसे. त्यांचा मोठा ग्रंथ म्हणजे याच पट्ट्या. सलग लिहून काढायचं तेवढं राहिलं होतं. काकूंनी मात्र या कचऱ्यावरून आयुष्यभर कटकट केली.

विद्यापीठाने त्यांची कागदपत्रं आणि पुस्तकं जपून ठेवायला मागितली, तेव्हा काकूंना वाटलं, परक्यांकडे असा पसारा कसा पाठवायचा? त्यांनी एकेक पुस्तक झटकलं, पट्ट्या उपसल्या आणि वाचायच्या भानगडीत न पडता बिस्किटांच्या डब्यांत नीट रचून दिल्या. वर शाबासकीची वाट बघत बसल्या.

संग्रह विभागातल्या बाईंनी पहिला डबा उघडला आणि त्यांचा चेहराच उतरला. कुठली पट्टी कुठल्या पानातली, एवढंच त्यांनी विचारलं. काकूंनी तेव्हा कुठे पट्ट्या वाचायला घेतल्या. 'इथे चुकतोय', 'हे पटलं', 'मागचं बघ'. इथे म्हणजे कुठे? कशाच्या मागचं?

तेव्हापासून काकू रोज तिथे जातात. पुस्तक उघडायचं, पट्टीचा पिवळट डाग शोधायचा, त्यावर पट्टी ठेवून बघायची. डाग सापडतात हो, पण मेल्या पट्ट्या सगळ्या एका मापाच्या. कुठलीही कुठेही बसते. बाईंनी आता पुरे म्हणून हळूच सुचवून पाहिलं. काकू ऐकतात थोड्याच! त्यांचं पुस्तक मीच मारलं, असं पुटपुटत त्या पुढचा गठ्ठा ओढतात.

परवा एका डब्याच्या तळाशी मूठभर पट्ट्या निघाल्या. काही जुन्या, काही नव्या शाईच्या, पण सगळ्यांवर मजकूर एकच: 'हिला विचारणे.'

स्वयंपाकघराच्या दारात हातात पट्टी घेऊन घुटमळणारा नवरा काकूंना आठवला. दर वेळी त्या म्हणायच्या, आधी तो कचरा बाहेर ठेवा. तो निमूटपणे परत जायचा, आणि बहुतेक पुस्तकात पट्टी खोचून द्यायचा. काय विचारायचं होतं, ते त्या पानालाच ठाऊक. आणि पान हरवलं होतं.

बाईंनी पट्ट्या पाहिल्या. ग्रंथासाठी या काही उपयोगाच्या नाहीत, काकूंनी खुशाल घरी न्याव्यात, असं त्या मायेने म्हणाल्या.

काकूंनी पट्ट्या पुन्हा डब्यात ठेवल्या.

"घरी नेऊन काय करू? उत्तर कुणाला देऊ?"