तामलवाडीत पाऊस झाला का?

काचबिंदूनं आईची नजर फारच अधू झाली, तेव्हा मी पुण्याची खोली सोडून माकणीला तिच्याकडे राहायला आले. नोकरी सोडावी लागली नाही, कारण माझं सगळं काम लॅपटॉपवरच चालतं.

"तू दिवसभर करतीस तरी काय गं?" आईनं एकदा विचारलं.

मी म्हटलं, "एआयला बोलता येतं, पण बाहेरचं काही दिसत नाही. त्याला हवामानाची माहिती, बाजारभाव, धरणाचे आकडे असं जोडून द्यायचं. मग ते बघून बोलतं आणि सांगितलेलं कामही करतं."

"म्हंजी माझ्या मोबाइलातलं त्ये एआय न बघताच बोलतंय व्हय?"

तिचं बरोबर होतं. आदल्याच दिवशी तिनं त्याला विचारलं होतं, गावाजवळच्या धरणात पाणी किती हाय? धरण काठोकाठ भरलंय, असं त्यानं ठासून सांगितलं. आम्ही दोघी सकाळीच काठापर्यंत फिरून आलो होतो. चपलांना गाळ लागून आला होता, कारण पाणी कुठल्या कुठं मागं गेलं होतं. आई तेव्हा हसली, पण दुसऱ्याच्या आवाजावर भरवसा ठेवून जगायची वेळ तिच्यावर नुकतीच आली होती. मला काही हसू आलं नाही.

त्या रविवारी मी तिच्यासाठी वेगळा एजंट बांधला, म्हणजे बघून बोलणारा आणि सांगितलेलं काम करणारा एआय. त्याला पाण्याची पातळी जोडली, पावसाची नोंद, सोयाबीनचा भाव आणि तिच्या फोनमधले नंबर जोडले. माहिती नसेल तर तसं सांगायचं, असं बजावलं. वाचायला मोकळीक दिली, पण कुणाला काही पाठवायचं तर आधी आईला विचारायचं. कामावरही मी हा नियम काटेकोर पाळते. वाचलेलं सोडून देता येतं. गेलेला शब्द मागं घेता येत नाही.

आईला ते आवडलं. दोरीवरचे कपडे काढायचे का, इथपासून ती त्याला विचारू लागली. माझ्या लक्षात आलं ते नंतर. ती रोज माकणीचा पाऊस विचारायची आणि लगेच तामलवाडीचा. तिथं आमचं शेत नाही. तिथं मावशी राहते, आईची थोरली बहीण. आजीच्या तेराव्याला दोघींत शब्दाला शब्द लागला. "आई अंथरुणाला खिळली तवा तू कुठं होतीस?" असं मावशी चारचौघांत म्हणाली होती. तेव्हापासून बोलणं बंद.

एके दुपारी तामलवाडीच्या महसूल मंडळाची पावसाची नोंद आलीच नव्हती. एजंट म्हणाला, "तामलवाडीच्या आजच्या पावसाची माहिती माझ्याकडे नाही. तुमच्या फोनमध्ये तामलवाडीतला एक नंबर आहे. तिथं विचारू का?"

मी शेजारच्या खोलीत काम करत होते. माझे हात थांबले. हे मी ठरवून केलेलं नव्हतं. नंबराच्या नावापुढं आईनंच कधीतरी गावाचं नाव घालून घेतलं होतं. उठून जावं आणि ते बंद करावं, असं वाटलं. पण उत्तर तिचं होतं, माझं नव्हतं.

आई म्हणाली, "इचार."

त्यानं मजकूर वाचून दाखवला. "तामलवाडीत पाऊस झाला का? पाठवू?"

"थांब. आधी 'आक्का' लाव."

"आक्का, तामलवाडीत पाऊस झाला का? पाठवू?"

"व्हय. पाठीव."

मग ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. मी चहा करून दिला, तो तसाच गार झाला. दिवे लागायच्या सुमारास मावशीचा आवाजी निरोप आला. एजंट तो लिहून आपल्या सपाट आवाजात वाचू लागला, तशी आई ओरडली, "तू गप! तिच्या आवाजात ऐकीव."

मी जाऊन निरोप लावला. मावशीचा आवाज दमलेला होता. "पाऊस न्हाय गं. नुसतं आभाळ भरून येतंय." मग म्हणाली, "तुझ्या डोळ्याचं समजलं मला. कसं येऊ, त्येच कळंना. तू बोलशील का न्हाय..."

आईनं एजंटाला काही सांगितलं नाही. फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "मला आक्काला लावून दे. सरळ."

मी फोन लावून दिला. मग दोघी एकदमच बोलू लागल्या. मी बाहेर येऊन पायरीवर बसले.

मावशी पुढच्या आठवड्यात एसटीनं आली, सोबत कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन. दुसऱ्याच दिवशी आजीच्या आजारपणावरून दोघी पुन्हा भांडल्या. या वेळी मात्र आईनं मधेच तोंड फिरवलं नाही. ती म्हणाली, "आक्का, हिचे बाबा तवा दवाखान्यात होते. म्या तुला सांगितलं न्हाय, कारण तू आधीच खचली होतीस."

 मावशीनं आईचा हात धरला आणि म्हणाली, "मला इचारायचं सुचलं न्हाय गं."

मग ती उठली आणि आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला बसली.