दोनशे चौदा पुस्तकांचा तह

उमरग्यात आमच्या गल्लीत सिद्धलिंगअप्पांना सगळे 'कोर्टाचे अप्पा' म्हणतात. ते वकील नव्हते, कारकूनही नव्हते. कोर्टाच्या दफ्तरखान्यात ते दफ्तरी होते. निकाल लागलेल्या दाव्यांचे कागद दाभणानं टोचायचे, दोऱ्यानं शिवायचे, लाल कापडात बांधून फळीवर लावायचे. चौतीस वर्षं हेच काम. निजामाच्या काळातलं दफ्तर उर्दूत होतं म्हणून ते उर्दू शिकले. इंग्रजी मॅट्रिकपुरतं येत होतं, ते शब्दकोश जवळ ठेवून वाढवलं.

त्यांच्या घरात दोन लोखंडी कपाटं आहेत. त्यांत दोनशे चौदा जुनी पुस्तकं, आणि सगळी एकाच विषयावरची. देशादेशांतला कायदा, लढाईचे नियम, तह, लवाद, शांततेच्या परिषदा. सगळ्यात जुनं दोनशे वर्षांपलीकडचं, लॅटिनमधलं. ते अप्पांना वाचता येत नाही.

"मग घेतलं कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"वाचणारं कुणीतरी भेटंल की. तोवर मी सांभाळतो."

सुरुवात कशी झाली, हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय. एका जुन्या वकिलाच्या घरची रद्दी तराजूवर चढत होती. अप्पा तिथं सुतळी मागायला गेले होते. ढिगात एका पुस्तकातून घडीचा नकाशा बाहेर लोंबत होता. पुस्तकात एका नदीवरून दोन देशांचं भांडण होतं. तीन माणसं बसली, दोन वर्षं कागद वाचले, निकाल दिला आणि दोघांनी तो मानला. "तोवर मी बांधाचेच दावे शिवीत होतो," अप्पा सांगतात. "चार बोटं जमिनीपायी तीन पिढ्या. म्हटलं, हे बी बांधाचंच हाय, फकस्त बांध मोठा. आन् कुऱ्हाड न काढता मिटलं."

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक महिन्यात एका रविवारी पहाटेच्या एसटीनं हैदराबाद. तिथल्या फुटपाथवरचा जुन्या पुस्तकांचा बाजार पालथा घालायचा आणि रात्री बगलेत एखादं पुस्तक घेऊन परत यायचं. शांताक्का, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "लगीन झाल्यापासून हे शांतता शांतता करतंय. घरात शांतता म्हणजे हे हैदराबादला गेलं की तेवढीच."

त्यांना सगळ्यात प्रिय आहे तो एक जाडजूड इंग्रजी अहवाल. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबादचा प्रश्न पॅरिसला, सुरक्षा परिषदेत निघाला होता, त्याची हकिकत त्यात आहे. त्याच दिवसांत अप्पांची आई रझाकारांच्या भीतीनं थोरल्या मुलाला कडेवर घेऊन, हद्द ओलांडून सोलापूरकडच्या छावणीत पोचली होती. "माय तिकडं भाकरीच्या रांगेत, आन् पॅरिसात मोठी माणसं तिच्या मुलखावर बोलत व्हती. तिला मरंस्तवर ठाऊक न्हवतं." हे सांगताना ते पुस्तक उघडत नाहीत, नुसता हात ठेवतात.

हात ठेवायचं कारण आणखी एक. काचबिंदूनं त्यांचा डावा डोळा गेला आणि उजवा जातोय. गेली दोन वर्षं ते पुस्तकं हातानंच ओळखतात. कपाटात हात घालायचा, पाठीवरून अंगठा फिरवायचा आणि सांगायचं, हे अमुक साली, अमक्याकडून. एकदाही चूक नाही.

त्यांचा मुलगा उमाशंकर पुण्यात दोन खोल्यांत राहतो. दोन कपाटं तिथं मावणार नाहीत, हे तो स्पष्ट सांगतो आणि त्यात खोटं काही नाही. अप्पांचं मागणं एकच होतं. डोळे पुरते जायच्या आत पुस्तकं कुठंतरी एकत्र लागावीत. "एकेक गेलं की रद्दी. एका जागी असली तर एकमेकांशी बोलतात."

माझी मुलगी अर्पिता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं पुण्याच्या एका विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं. ग्रंथपाल हर्षाली मॅडम जूनच्या दुसऱ्या रविवारी येणार होत्या, पण त्यांना यादी हवी होती. पुस्तक कोणतं, साल कोणतं, आलं कुठून.

"यादी कशाला?" अप्पा हात वर करून म्हणाले. "ही काय यादी."

अर्पिता रोज तिकडं जाऊ लागली आणि माझा जीव टांगणीला लागला. तिला लहानपणापासून दमा आहे. त्या कपाटाचं दार उघडलं की भुरकट धूळ उडायची, पानांना बुरशीचा वास. घरी आली की पोर खोकायची. हे लिहितानाही आतल्या खोलीतला तिचा श्वास माझ्या कानावर आहे; मोजायची सवयच लागलीय.

मे महिन्यात अप्पा आणि अक्का डोळे दाखवायला दोन दिवस सोलापूरला गेले. किल्ली माझ्याकडं होती. आमच्याकडं तूर असो, मिरची असो, गाद्या असोत, जे दमट झालं, किडलं, त्याला उन्हाळ्यात ऊन दाखवतात. मी तेच केलं. गच्चीवर चादरी अंथरल्या, दोनशे चौदा पुस्तकं फेऱ्या करून वर नेली आणि उघडी करून मांडली. दुपारी बाराला जाऊन सगळी उलटवलीसुद्धा, दुसऱ्या बाजूला ऊन लागावं म्हणून. मला फार बरं वाटत होतं.

संध्याकाळी उचलायला गेले तर कातडी पुठ्ठे पापडासारखे वळले होते. सरस तडकला होता. कितीतरी पुस्तकांच्या पाठी सुटून माझ्या हातात आल्या. बरोबर जोडायला गेले तर कुठली पाठ कुठल्या पुस्तकाची, ते कळेना.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. मी सगळं सांगितलं. ते कपाटाशी बसले, एक पुस्तक काढलं, अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. दुसरं काढलं. तिसरं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"राजेश्वरी, मला कळंना गं."

शांताक्का मध्ये पडल्या. "तिनं काय मुद्दाम केलं का? मी बी हेच केलं असतं. तुरीला ऊन दाखवतोच न्हवं?"

"तूर शिवलेली नसती," अप्पा म्हणाले.

मॅडम यायला सव्वीस दिवस होते. त्या हातांत जी यादी होती, ती मी एका दुपारीत पुसून टाकली होती. दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन त्यांच्याकडं जायला लागले. अर्पिताला मास्क लावून दारात बसवलं, लिहायला. पुस्तक उघडून पहिलं पान वाचायचं काम माझं. राज्यशास्त्र घेऊन मी पदवीधर झाले, पण सगळं गाईड वाचून. फ्रेंच आणि लॅटिन नावं वाचताना माझी जीभ अडखळायची.

"वाच, जमंल तसं," अप्पा म्हणायचे. "मला तरी कुठं कळतंय."

नावानं काम भागायचं नाही. मग मी बारकाईनं सांगायला लागले. जांभळा शिक्का आहे, त्यात घोडा आहे. समासात शिसपेन्सिलीनं उर्दूत काही लिहिलंय. आत तिकीट सापडलंय. "थांब," अप्पा म्हणायचे आणि मान वर करायचे. "घोड्याचा शिक्का व्हय? बीदरच्या वकिलाचं. त्याच्या नातवानं दिलं. वर चहा पाजला, म्हणाला, आजोबांची पुस्तकं मागणारा तुमीच पहिला." शांताक्का सुपात तांदूळ निवडत म्हणायच्या, "ही गोष्ट मला कधी न्हाय सांगितली." "तू कधी शिक्का वाचलास?" "साकु," अक्का कानडीत म्हणायच्या, "पुरे. लिहू द्या पोरीला."

त्या दिवसांत मला कळलं, की अंगठा फिरवून ते दोन शब्दांत सांगायचे. विचारलं की अख्खा माणूस सांगायचे. किल्लारीच्या भूकंपानंतर लोहाऱ्याकडच्या एका पडक्या घरातून निघालेलं पुस्तक, हैदराबादेत छापलेलं उर्दू पुस्तक, ज्यात जखमी शत्रूला पाणी द्यावं असं कलम आहे. सगळं वहीत आलं. शेवटी अकरा पुस्तकं उरली, ज्यांचं काही आठवेना. मी म्हटलं, "हैदराबाद लिहू का? बहुतेक तिथलीच असणार."

"न्हाय. 'ठाऊक नाही' असं लिव्ह. दफ्तरात खोटं शिवत न्हाईत."

हर्षाली मॅडम आल्या. मला वाटलं होतं कुणीतरी पोक्त बाई असतील. तिशीतली मुलगी निघाली. वळलेले पुठ्ठे बघून त्यांनी विचारलं, "यांना काय झालं?"

अप्पा बोलायच्या आत मी म्हणाले, "मी उन्हात वाळवली."

त्यांनी पानं चाळली. "पानं चांगली आहेत. पुठ्ठे दाबाखाली ठेवता येतील," म्हणाल्या आणि यादी घेऊन बसल्या. तासभर वाचत होत्या. चहावर साय धरली. मग म्हणाल्या, "यातली निम्मी आमच्याकडं आहेत. दुसऱ्या प्रती घेता येत नाहीत. शंभरएक नेते."

"मग एकबी न्हाय," अप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही. "पण उठू नका. बसा. दोघांचं म्हणणं कागदावर येऊ द्या. ह्या सगळ्या पुस्तकांत तेच सांगितलंय."

अर्पितानं कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडं अप्पा, उजवीकडं मॅडम. अप्पांचं पहिलं कलम, पुस्तकं वेगळी करायची नाहीत. मॅडम बाहेर जाऊन प्राचार्यांशी फोनवर बराच वेळ बोलल्या. मला खिडकीतून तुकडे ऐकू येत होते. "पुस्तकं आहेत हो सर, पण ती तिथल्या माणसांकडं कशी पोचली, हे आपल्याकडं नाही... प्रत्येक पुस्तकापुढं नाव आहे... हो, अकरांपुढं ठाऊक नाही असंसुद्धा लिहिलंय." आत येऊन म्हणाल्या, "सगळी एका कपाटात, यादीसकट."

दुसरं कलम, आपल्या भागातल्या कुणालाही, कॉलेजचा नसला तरी, तिथं बसून वाचता यावं. घरी न्यायला नाही, एवढी दुरुस्ती मॅडमनी केली. अप्पांनी मानली. "आन् ऊन दाखवायचं न्हाय, हे बी लिव्हा," शांताक्का आतून म्हणाल्या. मॅडमना हसू आवरेना.

मग मॅडमचं एक कलम आलं. यादी माहीत असलेल्या कुणीतरी पंधरा दिवस येऊन पुस्तकं लावून द्यावीत. वसतिगृहात सोय होईल. त्या अर्पिताकडं बघत होत्या.

मी बसले होते त्या अंदाजानं अप्पांनी तोंड वळवलं. "हे कलम माझं न्हाय, राजेश्वरी. तुझं हाय. तू न्हाय म्हणालीस तर दुसरं काढू."

अर्पिता कागदाकडंच बघत राहिली. मी मॅडमना विचारलं, खोलीला खिडक्या किती, पुस्तकं रोज झाडतात का, दवाखाना किती लांब. त्यांनी एकेकाचं नीट उत्तर दिलं, कंटाळल्या नाहीत.

"लिही," मी अर्पिताला म्हणाले.

दोन प्रती झाल्या. अप्पांचं बोट धरून मी सहीच्या जागेवर ठेवलं. त्यांनी ओळीच्या जरा वर, पण पूर्ण नाव लिहिलं.

उद्या सकाळी गाडी येणार आहे. आज दिवसभर अप्पांनी गठ्ठे बांधले. मी पुस्तकं रचून द्यायची, ते लाल कापड ओढून गाठ मारायचे. अर्पिताच्या बॅगेत मी दम्याचे दोन पंप, मास्कचा पुडा आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली. तिनं ते सगळं बाहेर काढून पाहिलं, पुन्हा आत ठेवलं आणि वर ती वही ठेवली.