मंदाताईंची रजा

पाळणाघरात दोन गोष्टी साचत जातात, मालक नसलेले इवलेसे मोजे आणि किस्से. मोजे आम्ही दर दिवाळीला टाकून देतो. किस्से टाकवत नाहीत, आणि त्यातले बहुतेक आमच्या मंदाताईंचे.

थळ गावात आमच्या बचतगटाचं पाळणाघर आहे. मंदाताई प्रमुख, मी कागदपत्रं बघते. कामाला जाणाऱ्या आयांच्या मुलांची बरीचशी फी सरकारी योजनेतून येते, पण आधी तालुक्याच्या ऑफिसची मंजुरी लागते. ताईंचा नियम एकच. मंजुरीचं पत्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय मूल उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही.

हा नियम आभाळातून पडला नाही. सुरुवातीला आम्ही दोन भावांना 'होईल मंजूर' एवढ्यावर घेतलं होतं. मुलं रमली, गाणी शिकली आणि बाराव्या दिवशी अर्ज नामंजूर. आईला फी झेपणारी नव्हती. धाकट्याने जाताना दाराची चौकट धरून ठेवली. त्याची बोटं ताईंनी स्वतः एकेक करून सोडवली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

* * *

आमच्याकडे फोनवर 'अर्ज मिळाला' असा मेसेज आला की लोक गाव गोळा करतात. एक आजोबा तर नातवाला नवा शर्ट घालून पेढेच घेऊन आले. ताईंनी पेढा खाल्ला, चष्मा लावला, मेसेज वाचला.

"आजोबा, ही पोच हाय. मंजुरी न्हाय."

आजोबा हिरमुसून गेले. पंधरा दिवसांनी खरं पत्र आलं, तेव्हा पुन्हा पेढे! आमच्या पाळणाघरात एका मुलाचे पेढे दोनदा खाल्ले जातात, ते असे.

* * *

दर सोमवारी ताई ऑफिसला फोन लावतात. एकदा नवीन क्लार्क होता. यादी न उघडताच म्हणाला, हो हो, झालंय बहुतेक.

ताई शांतपणे म्हणाल्या, "बहुतेक नावाचं मूल आमच्याकडं न्हाय. तुम्ही यादी बघा, मी थांबते."

वीस मिनिटं थांबल्या, फोन कानाला आणि मांडीवर एक पेंगुळलेलं बाळ. आता तो क्लार्क ताईंचा आवाज ऐकला की आधी यादी उघडतो, मग नमस्कार करतो.

* * *

आणि नियम घरच्यांनाही तोच. सख्ख्या भावाच्या नातीचं पत्र यायचं होतं, म्हणून तिलाही दारातून परत पाठवलं. भाऊ गणपतीपर्यंत बोलला नाही. ताईंनी गणपतीला त्याच्या घरी जाऊन मोदक वळले, पण माफी काही मागितली नाही.

* * *

मग आली कविता. नवरा बोटीवर, एकेक आठवडा समुद्रात. घरात दुसरं कुणी नाही. अडीच वर्षांची श्रावी पाटीशेजारी बसवून ती बाजारात मासळी विकायची. तिला एका कॅन्टीनमध्ये पक्की नोकरी लागली होती. अर्ज केलेला होता, मंजुरी आलेली नव्हती.

"ताई, सोमवारी न्हाय गेले तं दुसरी बाई घेतील," ती म्हणाली.

ताईंनी नाही सांगितलं. कविता उठली, पोरीला कडेवर घेतलं. मला ताईंचा राग आला, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात ताई म्हणाल्या, "सोमवारी आठला आण तिला. आत घेणार न्हाय. पण ओटीवर मी हाय."

सोमवारी ताईंनी माझ्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला. चौदा वर्षांतली पहिली रजा! मग खुर्ची बाहेर नेली आणि आठ ते चार श्रावीला घेऊन ओटीवर बसल्या. डबा स्वतःचा, खेळणी घरून आणलेली. मंगळवारीही तेच. मी खिडकीतून बघत होते आणि अभिमानाने माझा ऊर भरून येत होता.

बुधवारी नेमके तालुक्याच्या ऑफिसचे साहेब तपासणीला आले. रजिस्टर चाळून झाल्यावर त्यांनी विचारलं, ओटीवरची मुलगी कोणाची? यादीत नाही.

"माझी पाहुणी. मी रजेवर हाय, साहेब."

मी घाबरत सगळं सांगितलं. साहेब हसले, तिथूनच ऑफिसला फोन केला आणि म्हणाले, झाली मंजूर, घ्या आत.

"तोंडी नको, साहेब. पत्र येऊ द्या."

साहेब पायरीवर बसले. तासाभराने पत्र माझ्या फोनवर आलं. ताईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

चार वाजता कविता धापा टाकत आली. ओटीवर खुर्ची नव्हती, ताई नव्हत्या, पोर नव्हती. ती अंगणात इकडेतिकडे बघू लागली. मग आतून ताईंचा आवाज आला.

"बाहेर काय बघतेस? तुझी पोर आत झोपलीय."