काकूंचा प्लेअर आणि जादा माया

शिंपीणकाकूंना दिवसभर हाका. नवऱ्याचा चष्मा सापडत नाही, मुलाचा मोजा सापडत नाही, गिऱ्हाइकाला शर्ट आजच हवा. फोनवर गाणं लावलं की पहिल्या कडव्यातच कुणाचा तरी फोन टपकायचा. म्हणून शिलाई मशीनपाशी बसल्या की त्यांच्या कानात जुना म्युझिक प्लेअर. त्यावर कुणाला फोन करता येत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

त्याची हार्ड डिस्क खरखरू लागली, तशी मुलाने नवा फोन आणायची घाई केली. हे भंगारात टाक म्हणाला. काकू म्हणाल्या, मग आधी तुझ्या वडिलांना टाकते, ते जास्त खरखरतात. नव्या फोनबरोबर हाकाही येणार आणि कानांची ही एवढीशी सुट्टीही जाणार, हे त्या ओळखून होत्या.

डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसेल, पण एकशे अठ्ठावीस जीबीचंच घ्या, असं मोबाइल दुरुस्तीवाल्याने बजावलं होतं. पण काकूंचा जन्म गेला शिवणीत माया ठेवण्यात. उद्या माणूस अंगाने सुटला तर उसवून सैल करता यावं, म्हणून आत जादा कापड सोडायचंच. त्यांनी दुप्पट मोठं कार्ड आणलं, टाके उसवायच्या हत्याराने प्लेअरचं झाकण उचकटलं आणि बसवलंसुद्धा. मग गल्लीभर मिरवल्या.

मिरवणं फार टिकलं नाही. एकशे अठ्ठावीस भरले आणि पुढचं गाणं घालताच प्लेअर मान टाकू लागला. दुरुस्तीवाला हसू दाबत म्हणाला, याच्या मेंदूला त्यापुढे मोजताच येत नाही. उरलेलं कार्ड त्याच्या लेखी नाहीच.

मुलाच्या हाती आयतं कोलीत मिळालं. "आई, हरलीस. कबूल कर आता."

"हरते कशाला? कापड कमी पडलं म्हणून शर्ट फेकतात का? बाह्या आखूड करतात."

आणि लावली कात्री. मुलाचा धांगडधिंगा गेला, नणंदेने भरलेली रडगाणी गेली. तरी जागा पुरेना. शेवटी काकांनी स्वतःच्या आवाजात हौसेने भरलेली गाणी, आणि ती काही थोडीथोडकी नव्हती, एका फटक्यात उडाली. प्लेअर सुरळीत चालू लागला.

काकांना पत्ता लागला तेव्हा ते मशीनसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. काकूंनी एका कानातला इअरफोन काढला.

"अहो, तुम्ही न्हाणीघरातून रोज ऐकवताच की. त्याला कुठे जागा लागते?"

काका त्यानंतरही बराच वेळ बोलत होते. काय ते काकूंना विचारण्यात अर्थ नाही. इअरफोन केव्हाच परत कानात गेला होता.